उरलेल्या अन्नाचे वजन
किरकोळ विक्री आणि घरे या पातळ्यांवरील अन्नाची दरडोई नासाडी २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे लक्ष्य संयुक्त राष्ट्रांच्या सदस्य देशांनी २०१५ मध्ये स्वीकारले. तरीही राष्ट्रसंघाच्याच पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील ६० टक्के घराघरांतून गेले, ही बाब अतिशय अस्वस्थ करणारी आहे. कचराभूमीत गाडलेले अन्न हवेविना कुजते तेव्हा मिथेन, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या अनेक पट उष्णता धरून ठेवणारा वायू, बाहेर पडतो. दक्षिण कोरियाने तर २००५ पासूनच शहरांतील अन्नकचरा थेट गाडण्यास बंदी केली आणि २०१३ पासून जो जितके टाकील तितके शुल्क आकारण्याची पद्धत देशभर लागू केली. तेथील अनेक गृहसंकुलांत रहिवाशाने कार्ड टेकवताच पेटीचे झाकण उघडते, खरकट्याचे वजन होते आणि त्यानुसार रक्कम त्याच्या नावावर चढते. जमा झालेल्या कचऱ्यापासून पशुखाद्य, खत आणि बायोगॅस तयार होतो. २०२४ च्या बाकू हवामान परिषदेत तीसहून अधिक देशांनी सेंद्रिय कचऱ्यातील मिथेन घटवण्याच्या घोषणापत्राला पाठिंबा दिला, हे स्वागतार्हच आहे; मात्र जेथे शेतमाल शीतगृहाअभावी बाजारात पोहोचण्याआधीच सडतो, अशा गरीब देशांना पैसा आणि तंत्रज्ञान पुरवण्याची जबाबदारी श्रीमंत देशांनी आता टाळता कामा नये.