ऐक्य आणि मिळकत

२९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें सहा ख्रिस्ती मंडळ्यांनीं एक होऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापिलें, हें कृत्य आम्हांस स्तुत्य वाटतें. विलायतेंत उपजलेले पंथभेद येथें पिढ्यान्‌पिढ्या कां वागवावे? बालकांस बाप्तिस्मा देणारे व न देणारे, दोघेही एका छपराखालीं आले! परंतु उपासनेंत जें मिटलें तें मिळकतींत पेटलें. गुजराथेंतील ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि केवळ ठरावानें संस्था विलीन होत नाहीं, असा निर्णय २०१३ सालीं झाला. संस्थेचें रीतसर विसर्जन, धर्मादाय आयुक्तांकडील नोंद, हीं रुक्ष कामें सर्वांनीं एकत्र बसून वेळींच उरकलीं असतीं, तर भाविकांचा पैसा आमच्याच वकीलबंधूंच्या खिशांत गेला असता काय?