नागाचा खरा नैवेद्य

आपल्या शहराला नाव मिळाले ते नाग नदीवरून. दर श्रावणाच्या सुमारास आमच्या इतवारीतून माणसे सातपुड्यात, पचमढीजवळच्या नागद्वारच्या यात्रेला जातात. नागपंचमीला घरोघरी पाटावर नाग काढून त्याच्यापुढे लाह्या नि दूध ठेवले जाते. एवढी भक्ती करणाऱ्या आपल्या लोकांना एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. साप खातो काय, आणि त्याला चांगले अन्न कोणते, याचा विचार आपण कधी केला आहे काय?

मलाही हा प्रश्न आपणहून सुचलेला नाही. कॉलेजात एका मित्राने मोबाइलवर एक चित्रफीत दाखविली. परदेशातील एक गृहस्थ आपल्या पाळीव सापासाठी गोठवलेले मेलेले उंदीर पारखून घेत होता. पिशवी उजेडात धरून उलटीसुलटी करून पाहत होता. आम्ही पोट धरून हसलो. संध्याकाळी तीच गंमत मी बाबांना दाखविली. माझे बाबा इतवारीत धान्याच्या ठोक दुकानात हमाली करतात. ते मात्र हसले नाहीत. म्हणाले, "हसून काऊन रायला? खाणाऱ्याले पचलं पाहिजे म्हणून पाहून रायला तो."

बाबांची शाळा चौथीत सुटली. पण धान्याची पारख त्यांच्या हातात आहे. पोत्यातून मूठभर दाणे काढायचे, वास घ्यायचा, एक दाणा दाताखाली धरायचा. कट्‌कन तुटला तर माल वाळलेला, दबला तर ओला. कुबट वास आला की पोते बाजूला. त्यांच्या बोलण्यानंतर मी ती चित्रफीत पुन्हा पाहिली, त्या विषयावर आणखी वाचले, आणि लक्षात आले की ही पारखही तशीच आहे. उंदराची जाडी सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढी असावी, फार मोठी नसावी. पिशवी हवाबंद असावी. आत बर्फाचे खडे साचले असतील तर माल मध्येच वितळून पुन्हा गोठवला गेला असण्याची शंका घ्यावी. कातडीवर कोरडे, पांढुरके चट्टे नसावेत. पोट हिरवट किंवा फुटलेले नसावे. वितळल्यावर घाण वास आला तर तो फेकून द्यावा. फार दिवस साठवलेल्या मालातील काही जीवनसत्त्वे कमी होतात, म्हणून तारीख पाहावी. जिवंत उंदीर देत नाहीत, कारण तो उलटून सापालाच चावतो. सगळे केल्यावर हात साबणाने धुवावेत. २०१० साली अमेरिकेत अशा गोठवलेल्या उंदरांतून साल्मोनेला जंतूंची लागण होऊन माणसे, त्यांत लहान मुलेही, आजारी पडली होती.

एवढी काळजी कशासाठी? आपण भाजी निवडतो, धुतो, किडका भाग कापून टाकतो. साप यांतले काहीच करीत नाही. तो उंदीर अख्खा गिळतो; हाडे, केस, आतडी, यकृत सगळे. उंदराने जे खाल्ले, ते सापाच्या पोटात गेलेच म्हणून समजावे.

आता आपल्याकडे पाहू. मी आठ वर्षांचा असताना आमच्या गल्लीत टोपली घेऊन गारुडी आला होता. आईने दिलेली दुधाची वाटी मीच नागापुढे धरली होती. नागाने तोंड घातले तेव्हा मला केवढी धन्यता वाटली! साप दूध पचवू शकत नाही, त्याला कित्येक दिवस तहानलेला ठेवतात म्हणून तो पुढे येईल ते पितो, आणि ते दूध फुप्फुसात जाऊन तो मरूही शकतो, हे मला फार उशिरा कळले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडील नाग पकडणे वा घरात ठेवणे गुन्हा आहे. पण आमची वाटी कायद्याला विचारून पुढे होत नव्हती.

दुसरी गोष्ट सांगताना मात्र मला संकोच वाटतो. मागच्या वर्षी सुट्टीत मी गोदामात उंदरांचे औषध टाकण्याचे काम केले. त्या पैशांतून परीक्षेची फी भरली. हे औषध खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तीन-चार दिवस सुस्तावून फिरतो आणि शिकाऱ्याला सहज सापडतो. विष त्याच्या यकृतात राहते. अशा उंदरांमुळे घुबडे मेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. सापांच्या शरीरातही ही विषे आढळली आहेत. दोन आठवड्यांनी गोदामामागच्या नालीजवळ एक लांबलचक धामण मेलेली दिसली. अंगावर जखम नव्हती. ती कशाने मेली हे मी सांगू शकत नाही. पण आमच्या गोदामाचे उंदीर खाणारी ती, आणि तिच्या ताटात विष वाढणारा मी, एवढे मला ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, साप मेला तर बरेच झाले. ही भीती खोटी नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे मेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. परंतु धामण बिनविषारी आहे, आणि विषारी सापही आपल्या घरात येतो तो बहुधा उंदरामागेच. उंदीर कमी झाले तर दोघांचेही येणे कमी होईल. कोणी असेही म्हणेल की हमालाच्या पोराने उंदरांची बाजू घेऊ नये. मी ती घेतच नाही. कुरतडलेल्या पोत्याची बोलणी बाबांनाच खावी लागतात. पण पोती लाकडी फळ्यांवर ठेवणे, भिंतीची बिळे बुजविणे, सांडलेले धान्य रोज झाडणे, पिंजरे लावणे हे उपाय आहेतच. विष टाकावेच लागले तर मेलेले उंदीर रोज उचलून खोल पुरावेत. एवढे कष्ट आम्ही मागच्या वर्षी घेतले नाहीत.

त्या परदेशी गृहस्थाप्रमाणे साप पाळावा, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण खाणाऱ्याकडे पाहून अन्न निवडावे, ही त्याची रीत आपण घेतली पाहिजे. आपला नैवेद्य देणाऱ्याच्या समाधानासाठी असतो. घेणाऱ्याचे काय होते, हे आपण पाहत नाही. यंदाच्या नागपंचमीला आमच्या घरी पाटावर नाग काढला, पूजा झाली, आणि दूध आईने माझ्या लहान बहिणीला दिले. बाबा मालकाशी पिंजऱ्यांविषयी बोलले आहेत. मालकाने अजून हो म्हटलेले नाही. यंदाच्या सुट्टीत औषध टाकायला मी जाणार नाही, असे मात्र मी सांगून ठेवले आहे. फीचे पैसे दुसरीकडून उभे करावे लागतील.