नदी काही सरेंडर करणार नाही

परवा जेवताना टीममधल्या एकाला म्हटलं, गडचिरोलीच्या पोलिसांना डायव्हिंगचं सामान घ्यायला अनुदान मिळायला हवं. तो हसला. म्हणे, "तिथे समुद्र कुठंय राव?"

त्याचं चुकलं नाही. आपल्यासाठी गडचिरोली म्हणजे जंगल आणि नक्षलवादी. वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी, इंद्रावती ही नावं भूगोलाच्या पेपरानंतर आपण विसरून गेलो.

२३ जानेवारी २०२४ ला चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली. पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात मिरची तोडायला निघालेल्या सहा बायका बुडाल्या. मार्च २०२५ मध्ये घोडाझरी तलावात पाच तरुण गेले. त्याच वर्षी मे महिन्यात वैनगंगेत तीन मेडिकलचे विद्यार्थी.

आता पैशाचं. नक्षलग्रस्त जिल्ह्यात राज्याने सुरक्षेवर खर्च करायचा आणि ठरलेल्या बाबींची भरपाई केंद्राने द्यायची, अशी योजना आहे. पोलीस आधुनिकीकरणाची योजना तर १९६९-७० पासूनची. शस्त्रं, गाड्या, वायरलेस. ते लागतंच, जांभुळखेड्यात २०१९ साली पंधरा पोलीस गेले हे विसरून चालणार नाही. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. म्हणजे ज्या कारणासाठी पैसा येत होता तेच ओसरतंय. नदी मात्र तिथेच आहे. मग प्रस्तावाचं कारण बदला की! पंधराव्या वित्त आयोगाने (२०२१-२६) राज्यांच्या आपत्ती निधीतला १० टक्के हिस्सा पूर्वतयारीसाठी राखला होता. नदीकाठच्या ठाण्याची तयारी ही पूर्वतयारी नाही तर काय?

पण प्रस्ताव कसला पाठवायचा, इथेच माझं खरं भांडण आहे. मार्चअखेर चकचकीत किट घ्यायचे, फोटो काढायचे आणि कपाटात ठेवायचे, हे आपण सॉफ्टवेअरच्या लायसन्सचं करतो तेच. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, दाबून भरलेली साधी हवा असते. ती भरायला कॉम्प्रेसर लागतो, सिलिंडरची मुदतीने तपासणी लागते, गढूळ पाण्यात दोरीवर काम करायचा सराव लागतो. हा खर्च प्रस्तावात नसेल तर ती खरेदी म्हणजे भंगार.

आणि कटू गोष्ट: बुडालेल्या माणसाच्या हातात काही मिनिटंच असतात. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी नागपूरला. तिथून भामरागड म्हणजे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. ती पोचेपर्यंत शोधायचं ते प्रेतच. जिवंत माणूस वाचवतो तो घाटावरचा लाईफ जॅकेट, फेकायची दोरी आणि तिथला ढिवर. वर्षानुवर्षं बुडालेल्यांना बाहेर काढायला गावकरी ढिवरांनाच हाक मारतात. त्यांना प्रशिक्षण द्या, विमा द्या, कामाचे पैसे द्या.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जिल्ह्याला एक नीट पाणबुडी पथक, आणि प्रत्येक नदीकाठच्या ठाण्याला बोट, जॅकेट, दोऱ्या. आधी दुसरं, मग पहिलं. पाणबुडी पथक अंत्यसंस्काराला देह मिळवून देतं, आणि घरच्यांसाठी तेही कमी नाही. पण त्या मिरची तोडणाऱ्या बायकांना हवं होतं ते एकेक जॅकेट.

असो. मित्राला लिंक पाठवतोय. समुद्र नाहीये रे बाबा, पण बुडायला पुरतं तेवढं पाणी आहे.