ग्रंथपालाला हवा असलेला एक तास

इंग्लंडमधल्या एका मध्यम आकाराच्या शहरात मी सार्वजनिक ग्रंथालयात काम करते. भारतातल्या नातेवाइकांची समजूत अशी, की मी दिवसभर पुस्तकांवर शिक्के मारत बसते. प्रत्यक्षात पुस्तकं देण्याघेण्याचं काम आता दाराशी ठेवलेलं मशीन करतं आणि माझ्यासमोर माणसं येतात ती प्रश्न घेऊन. युनिव्हर्सल क्रेडिट हा इथला सरकारी भत्ता, त्याचा अर्ज बहुतेकांना ऑनलाइनच भरावा लागतो. घरी कॉम्प्युटर नाही, मग या ग्रंथालयात. बसचा पास, मुलाचा शाळाप्रवेश, व्हिसाची कागदपत्रं, सगळ्यासाठी ग्रंथालय. अशा जागी बसणाऱ्या माणसाची माहिती सहा महिने शिळी असेल, तर त्याची किंमत समोरचा मोजतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. माहितीच्या बाबतीत ताजं राहणं हे ग्रंथपालाचं काम आहे, छंद नव्हे, आणि त्यासाठीची ऑनलाइन साधनं शिकायला आणि वापरायला पगारी वेळ मिळाला पाहिजे.

आपल्या लोकांच्या जवळचं एक उदाहरण देते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या परदेशी नागरिकांकडचं बीआरपी कार्ड बंद होऊन ई-व्हिसा आला, तो काळ आठवा. बऱ्याच कार्डांवर ३१ डिसेंबर २०२४ ही अखेरची तारीख छापलेली होती, मग त्या माणसाचा राहण्याचा परवाना पुढे कितीही वर्षांचा का असेना. ती तारीख उलटलेलं कार्ड प्रवासासाठी आणखी काही महिने चालेल, असं सरकारने डिसेंबरमध्ये जाहीर केलं. आधी मुदत ३१ मार्च २०२५ पर्यंत होती, नंतर ती १ जूनपर्यंत वाढली. त्या दिवसांत आमच्याकडे एक मराठी बाई आल्या. वडिलांचं वर्षश्राद्ध होतं, तिकीट काढलेलं होतं आणि हातात व्हॉट्सअॅपवरचा फॉरवर्ड: कार्डाची तारीख गेली की परत येता येणार नाही. तिकीट रद्द करायचं ठरवूनच त्या आल्या होत्या. इमिग्रेशनचा सल्ला देणं आम्हाला कायद्याने चालत नाही. पण सरकारचं योग्य पान उघडून, ते शेवटचं कधी बदललं ती तारीख दाखवणं हे आमचंच काम. त्यांनी ते पान दोनदा वाचलं, प्रिंट मागितली आणि गेल्या.

ते पान बदलल्याचं मला कसं कळलं? मी काही रोज उघडून बघत नव्हते. इथल्या सरकारी संकेतस्थळावर अनेक पानांवर बदल झाला की ई-मेल पाठवण्याची सोय आहे. एकदा बटण दाबून ठेवलं, की नियम हलला त्या दिवशी पत्र येतं. सोय फुकट आहे आणि माझ्या बघण्यातल्या दहापैकी नऊ जणांना ती ठाऊक नसते.

पुण्यात ग्रंथालयशास्त्र शिकत असताना आम्हाला याचं जुनं रूप शिकवलं होतं. वर्तमानपत्रांची कात्रणं विषयवार फायलीत लावायची, नवीन नियतकालिकांच्या अनुक्रमणिका झेरॉक्स करून प्राध्यापकांच्या टेबलावर पोचवायच्या. करंट अवेअरनेस सर्व्हिस असं भारदस्त नाव होतं त्याला. रंगनाथनांनी १९३१ साली पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं वाचकाच्या वेळाची काळजी करणारं आहे. परीक्षेपुरतं ते पाठ केलं होतं. त्याचा अर्थ मला इथे येऊन, काउंटरवर उभं राहिल्यावर लागला.

ऑनलाइन साधनं मी शिकले २०११ मध्ये. त्याआधी २००६ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटच्या सार्वजनिक ग्रंथालयाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी ‘तेवीस गोष्टी’ नावाचा उपक्रम केला होता. तेवीस छोटे धडे, नऊ आठवडे, आपापल्या गतीने, आणि पूर्ण करणाऱ्याला बक्षीस म्हणून एमपीथ्री प्लेअर! त्याच धर्तीवर ब्रिटनमधल्या ग्रंथपालांनी २०११ मध्ये आपली तेवीस गोष्टींची मालिका काढली. तिच्यातली चौथी गोष्ट नेमकी हीच, म्हणजे ताजं कसं राहायचं. ट्विटर होतं, आरएसएस होतं.

आरएसएस हा प्रकार आता विस्मरणात गेलाय, म्हणून थोडं सांगते. संकेतस्थळ नवीन मजकुराची एक साधी यादी प्रसिद्ध करत राहतं आणि आपल्याकडचं रीडर ती यादी उचलून आणतं. पन्नास ठिकाणी जायचं नाही, पन्नास ठिकाणची नवी शीर्षकं एका जागी, वेळेच्या क्रमाने. तुम्ही पॉडकास्ट ऐकत असाल तर नकळत हेच तंत्र वापरताय. यात कोणी मधे बसून ‘तुम्हाला हे आवडेल’ असं ठरवत नाही. समाजमाध्यमांच्या फीडमध्ये नेमकं तेच होतं: भांडण वर येतं, नियमातला बदल खाली जातो. ट्विटरचं २०२३ मध्ये एक्स झालं, तोवर माझ्या ओळखीचे बरेच ग्रंथपाल तिथून उठून गेले होते, आणि आपण कोणाकोणाला वाचत होतो ती घडी परत बसवताना त्यांची दमछाक झाली.

गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद पडलं तेव्हा मात्र असं झालं नाही. यादी एका फाइलमध्ये उतरवून घेता येत होती. ती मी फीडलीत टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काम चालू. साधन निवडताना मी तेव्हापासून एकच बघते, माझी यादी मला बाहेर काढता येते का? दिसायला ते कसं आहे, हे नंतर.

लोक म्हणतात, तरुणांना हे उपजतच येतं. अजिबात नाही. माझे पंचविशीतले सहकारी फोनवर माझ्यापेक्षा चौपट वेगाने बोटं चालवतात, पण माहिती आपल्याकडे यावी म्हणून काही लावून ठेवता येतं, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. आणि हल्ली ‘चॅटबॉटला विचारा की’ हे आहेच. विचारावं, पण तो गेल्या वर्षीचा नियमही तितक्याच आत्मविश्वासाने सांगू शकतो.

खरं कठीण असतं ते काढून टाकणं. दर सोमवारी मी वीस मिनिटं यादीतली शीर्षकं चाळते, आणि महिनाभर ज्याच्या वाटेला गेले नाही ते काढते. दीडशेवर गेलेली यादी आता चाळीसच्या आत आहे.

हे वाचकांनाही जमण्यासारखं आहे, विशेषतः मंडळाचे ग्रुप चालवणाऱ्यांना. ओसीआय कार्डाचे नियम २०२१ मध्ये सोपे झाले, वीस वर्षांखालच्यांना दर नव्या पासपोर्टमागे कार्ड नव्याने काढायची असलेली कटकट गेली. पण जुने नियम सांगणारे निरोप नंतरही ग्रुपवर फिरत राहिले. दूतावासाच्या संकेतस्थळावर महिन्यातून एकदा नजर टाकणारा, आणि निरोप पुढे ढकलण्याआधी त्यावरची तारीख विचारणारा एक माणूस प्रत्येक ग्रुपमध्ये नेमायला काय हरकत आहे? इकडे यायची तयारी करणाऱ्या आईवडिलांचा केवढा मनस्ताप वाचेल.

राहिला तो तास. आमच्याकडे शुक्रवारी ग्रंथालय उघडण्याआधी एक तास फक्त यासाठी मिळायचा. कोणाला काय नवं सापडलं ते एकमेकांना दाखवायचं, चहा प्यायचा. कर्मचारी कमी झाले तेव्हा तो तास गेला. ‘हे घरी फोनवर बघता येईल की,’ असं वरून सांगण्यात आलं. बघता येतं, मी बघतेही. पण दोन लहान मुलं असलेली माझी सहकारी घरी हे करणार नाही, आणि तिने का करावं? मग बुधवारी तिच्यासमोर येणाऱ्याला एक उत्तर मिळतं आणि गुरुवारी माझ्यासमोर येणाऱ्याला दुसरं. आम्ही आठ जणांनी सह्या करून तो तास परत मागितला आहे. बीआरपीच्या तारखा दोनदा कशा बदलल्या, त्याची नोंद अर्जाला जोडली आहे. पुढच्या महिन्याच्या बैठकीत तो विषय ठेवलाय.