पावडर मोजून, साबण चोळून

आमच्या जांभूळला एमआयडीसीचं जलशुद्धीकरण केंद्र आहे. बारवी धरणातून सोडलेलं पाणी उल्हास नदीतून उचलून इथे शुद्ध होतं आणि पुढे शहरांना जातं. म्हणूनच कपडे कशाने धुवायचे, हा प्रश्न मला निव्वळ घरगुती वाटत नाही.

डिटर्जंटला नावं ठेवून भागणार नाही. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात साबण फेसाळत नाही; कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे त्याचा पांढरट साका होतो, बादलीच्या कडेला चिकटतो, कपडे राठ होतात. डिटर्जंट तिथेही काम करतं. 1969 साली सुरू झालेल्या निरमाने ते सामान्यांच्या मोरीपर्यंत नेलं, बायकांच्या मनगटांचे कष्ट वाचले.

पण धरणाचं पाणी बहुधा मऊ असतं. त्यात शर्टाची कॉलर भिजवून साबणाची वडी दोनदा फिरवली, जरा चोळली, की मळ सुटतो. तरी आपण मुठीने पावडर ओततो. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छता नव्हे. पावडरीत फॉस्फेट असेल तर ते सांडपाण्यातून नदीत जातं आणि जलपर्णीचं खत होतं. उल्हासवर ती किती माजते, हे आपण पाहतोच.

माझं म्हणणं सरळ आहे. हाताने धुतो त्या रोजच्या कपड्यांना साबण, मशीनला मोजून फॉस्फेटविरहित पावडर. वेष्टन वाचूनच वडी घ्या. पुष्कळ वड्या डिटर्जंटच्याच असतात. शहरांनीही प्रक्रियेविना सांडपाणी नदीत सोडणं थांबवलं पाहिजे. या नदीचं पाणी आपण पितो.