डबा चांगला आहे, पण अकरा चढत नाही!

चालता संगणक भंगारात काढायचा अधिकार कंपनीला कोणी दिला? हा प्रश्न मी सध्या पातुरात भेटेल त्याला विचारतो आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा आधार काढून घेतला. तेव्हापासून इथल्या झेरॉक्सच्या दुकानांत, सेवा केंद्रांत, शाळांच्या संगणक खोल्यांत एकच निदान ऐकू येतं, "भाऊ, डबा चांगला आहे, पण याले अकरा चढत नाही. नवा घ्या लागते."

हे निदान नाही, ही लूट आहे.

एका दुकानात असाच एक सीपीयू टेबलावर उघडून ठेवलेला पाहिला. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम. कारागिरानं ब्लोअरनं धूळ उडवली, रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात खोडरबरानं घासले, पट्टी खटकन बसवली आणि बटण दाबताच मशीन सुरू झालं. त्याच मशीनवर सातबारा निघाला, पीकविम्याचा अर्ज भरला गेला, पावतीची प्रिंटही आली. तरी मालकाला सल्ला मिळाला तो विकून टाकण्याचा. घेणारा कोण, तर किलोवर तोलणारा भंगारवाला.

विंडोज ११ ची अट अशी, की इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा आणि टीपीएम २.० हवं. टीपीएम म्हणजे संगणकाच्या गुप्त किल्ल्या सांभाळणारी सोय. कंपनी सुरक्षेचं कारण पुढे करते. सुरक्षा हवीच, पण सहाव्या-सातव्या पिढीच्या कित्येक मशीनमध्ये टीपीएम २.० आहे आणि तरीही त्यांना दार बंद आहे. आठवी पिढी आली २०१७ मध्ये, विंडोज ११ आलं ऑक्टोबर २०२१ मध्ये. म्हणजे चार-पाच वर्षांच्या धडधाकट मशीनला म्हातारं ठरवून टाकलं. आणि खुद्द मायक्रोसॉफ्टचा सरफेस स्टुडिओ २? त्यात सातव्या पिढीचाच प्रोसेसर होता, तो मात्र यादीत घेतला. स्वतःच्या मशीनला सवलत आणि पातूरच्या दुकानदाराला नियम! उद्या ट्रॅक्टर कंपनीनं २०१७ च्या आधीच्या ट्रॅक्टरला नांगर जोडायचा नाही असं फर्मान काढलं, तर हा तालुका अकोला-वाशिम रस्ता अडवून बसेल. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण मुकाट्यानं पाकीट काढतो.

घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा-अपडेटं मिळतात. त्यासाठी कंपनीचं खातं उघडून सेटिंग त्यांच्या क्लाउडवर ठेवा, नाहीतर त्यांचे पॉइंट मोजा, नाहीतर ३० डॉलर भरा. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर तिथल्या लोकांसाठी क्लाउडची अट गेली. आपल्याला ती कायम. आपण विचारलंच नाही, तर मिळणार कुठून?

सगळ्यात मोठा धोका पुढेच आहे. नवीन मशीनला पैसे नसले, की 'क्रॅक' मारून काम भागवतात. परवाना फोडणारं ते सॉफ्टवेअर चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करा म्हणतात आणि आपण बंद करतो. मग त्याच मशीनवर कास्तकाराचा आधार क्रमांक, बँकेचं पासबुक, लेकीच्या शिष्यवृत्तीची कागदपत्रं स्कॅन होतात. ज्यानं विश्वासानं कागद हातात दिले, त्याच्या खात्याशी खेळायचा हक्क कोणत्याही दुकानदाराला नाही. हे मी त्यांच्या तोंडावर सांगतो, इथेही लिहितो.

उपाय आहे, आणि स्वस्त आहे. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा, रॅम चारची आठ करा आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही प्रणाली टाका. त्याची २२ वी आवृत्ती २०२९ पर्यंत सुरक्षा-अपडेटं देते, पैसे घेत नाही आणि दोन जीबी रॅमवरही उभी राहते. मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक त्यात आहे, लिबरऑफिस आहे, ब्राउझर आहे. अर्ज भरणं, पत्र लिहिणं, पोरांचा अभ्यास, सगळं होतं. अडचण येते ती दोन ठिकाणी. लग्नपत्रिका छापणाऱ्याचा संसार पेजमेकर आणि श्रीलिपीवर आहे आणि बोटांचे ठसे घेणाऱ्या कित्येक यंत्रांची ड्रायव्हर विंडोजसाठीच बनलेली आहेत. पत्रिकावाल्यानं आपलं विंडोजचं मशीन इंटरनेटपासून तोडून फक्त पत्रिकेला ठेवावं, वर्षानुवर्षं चालेल. ठसे-यंत्रांचं काम मात्र सरकारचं आहे. जनतेनं रांगेत उभं राहून सेवा घ्यायची, तर ती एका कंपनीच्या मर्जीवर का टांगलेली?

केरळच्या सरकारी शाळांनी हे कधीच ओळखलं. तिथली मुलं कित्येक वर्षांपासून मुक्त प्रणालीवर शिकतात आणि 'काईट' ही सरकारी संस्था ती मल्याळमसह तयार करून देते. आपल्याकडे सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात आहे. याच सी-डॅकनं 'बॉस' ही भारतीय लिनक्स प्रणाली २००७ मध्ये आणली. महाराष्ट्रातल्या किती शाळांच्या पोरांनी तिचं नाव तरी ऐकलं असेल? आपण मात्र संगणक शिकवतो म्हणजे एका कंपनीच्या खिडकीत कुठलं बटण कुठे आहे तेवढं घोकून घेतो.

आता शाळाशाळांतून संगणक निर्लेखित करण्याचे प्रस्ताव निघतील. पातूर तालुक्यातून असा प्रस्ताव वर जाण्याआधी प्रत्येक मशीनसमोर एक रकाना हवा, एसएसडी आणि लिनक्स टाकून पाहिलं का, नसेल तर का नाही. सही करणाऱ्या अधिकाऱ्यानं तो स्वतःच्या हातानं भरावा आणि शाळा व्यवस्थापन समितीनं तो भरल्याशिवाय एकही डबा शाळेच्या फाटकाबाहेर जाऊ देऊ नये.