द्वंद्वगीतातला हेल

गेल्या डिसेंबरात माझ्या भाचीचं लग्न इंदूरला झालं. मुलगी फोंड्याची, मुलगा इंदूरचा. मुलाकडची मंडळी मराठीच, होळकरांच्या काळापासून तिकडे स्थायिक झालेली. लग्नाच्या आदल्या रात्री त्यांच्याकडे 'संगीत' असतं. त्यात नवरानवरीने मिळून एक गाणं म्हणायचं ठरलं. निवड मुलाच्या काकांची: 'एक दूजे के लिए'मधलं 'तेरे मेरे बीच में'. काकांचा हिशेब सरळ होता. सिनेमा गोव्यात घडतो आणि गाणारी लता जन्माने इंदूरची. दोन्ही पक्ष खूश!

पहिलं कडवं छान झालं. दुसऱ्यात भाचीच्या हिंदीला कोकणी हेल लागला. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मोठ्याने नव्हे, पण तिला ऐकू गेलं. तिने माइक खाली केला आणि उरलेलं गाणं मुलाने एकट्याने ओढून नेलं.

खरं सांगतो, हसणाऱ्याचा मला राग आला नाही. मला लाज वाटली, आणि ती तिचीच वाटली. महिनाभर मीच तिला बजावत होतो, "बाय, तिकडे जरा सांभाळून बोल. आपला हेल लगेच कळतो."

रात्री झोप लागेना, तेव्हा त्याच गाण्याचा विचार करत बसलो. आणि लक्षात आलं की हसायला नेमकं चुकीचं गाणं निवडलं गेलं होतं.

'एक दूजे के लिए' 1981 सालचा. म्हणजे माझ्या जन्माच्या आगेमागे आलेला. बालचंदरांनी आधी 1978 मध्ये तेलुगूत 'मरो चरित्र' केला होता, त्याचीच ही हिंदी आवृत्ती. नायक वासू तमिळ, नायिका सपना हिंदी बोलणारी, दोघांची घरं गोव्यात शेजारी शेजारी. त्याला हिंदी येत नाही. लिफ्टमध्ये तो तिची मनधरणी करतो ती हिंदी सिनेमांची नावं एकापुढे एक गुंफून. आईबापांना एकमेकांची भाषा, जेवण, चालीरीती काही म्हणजे काही सोसत नाही. शेवट सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याकडे डोना पावलाला येणारे पर्यटक त्या शेवटाची आठवण अजून काढतात.

या प्रेमाचं मुख्य गाणं गायला लक्ष्मीकांत-प्यारेलालना एस. पी. बालसुब्रह्मण्यम नको होते, असं सांगतात. कारण एकच, त्यांचं दाक्षिणात्य वळणाचं हिंदी. बालचंदर मात्र अडून बसले. त्यांचं म्हणणं असं, की नायकालाच धड हिंदी येत नाही, मग गाणाऱ्याचे उच्चार थोडे वेगळे आले तर ते पात्राला शोभूनच दिसेल. शेवटी एस.पीं.नीच गायलं, आणि या गाण्यासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ज्या उच्चारामुळे नको होते, त्या उच्चारासकट!

आता या द्वंद्वगीतातला दुसरा आवाज घ्या. लताबाईंनी स्वतः सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे. 1947 च्या सुमारास मुंबईच्या लोकलमध्ये अनिल विश्वासांनी त्यांची ओळख दिलीपकुमारशी करून दिली. मुलगी मराठी आहे म्हटल्यावर दिलीपकुमार म्हणाले, मराठी लोकांच्या उर्दूला डाळभाताचा वास येतो. लताबाईंना ते लागलं. पण त्या गप्प बसल्या नाहीत. मौलवी ठेवून उर्दू शिकल्या, आणि पुढे त्यांच्या उच्चारांचे दाखले दिले जाऊ लागले.

म्हणजे पाहा, एकाच गाण्यात दोघं उभी आहेत. दोघांनाही कधी ना कधी 'तुमच्या भाषेला वास येतो' हे ऐकावं लागलेलं. एकीने उच्चार घासूनपुसून घेतला, दुसऱ्याचा त्याच्या पात्रासाठी तसाच ठेवला गेला. आणि ऐकताना दोन्ही हवेहवेसे वाटतात. एस.पी. लताबाईंसारखे निर्मळ गायले असते तर वासू खोटा वाटला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे-जलेबी झाल्यावर मी शीख मोहल्ल्यात जाऊन आलो. 28 सप्टेंबर 1929 ला लताबाई जन्मल्या तो हा भाग. वडील दीनानाथ आपल्या मंगेशीचे. आडनावातच गाव. इंदूर म्हणतं आमची, गोवा म्हणतो आमची, महाराष्ट्र तर म्हणतोच. त्यांच्यावर हक्क सांगताना आपल्या सगळ्यांची छाती फुगते. त्याच गावच्या, त्याच हेलाच्या आपल्या पोरी बोलायला लागल्या की मात्र आपण त्यांना दबक्या आवाजात 'सांभाळून' म्हणतो.

आपली गोमंतकीय मराठीवाल्यांची ही जुनी दुखरी जागा आहे. इथे आपल्याला ऐकवतात की मराठी तुमची नव्हेच. पुण्यात गेलो तर ऐकवतात की मराठी बरी आहे हो, पण जरा कोकणी वाटते. मी मराठी घेऊन बी.ए. झालो, पण पुण्याच्या पाहुण्यांसमोर आजही वाक्य आधी मनात जुळवून घेतो.

आणि आपण काय कमी आहोत? साखरपुड्याला हाच मुलगा फोंड्यात आला होता. "आई मागच्या गाडीतून येऊन राहिली आहे," असं तो म्हणाला आणि आमच्या घरात खसखस पिकली. मीही हसलो होतो. इंदूरच्या मराठीत शे-दोनशे वर्षं हिंदी मुरलेलं आहे, ते असंच बोलणार! पण त्या दिवशी त्या मुलाने हसून घेतलं आणि बोलत राहिला. मागच्या रांगेतलं ते हसणं मग मला फार परकं वाटेना.

तुम्ही म्हणाल, मग शुद्ध बोलायचंच नाही का? जरूर बोलावं. लताबाई उर्दू शिकल्याच की. पण त्या आपल्या कामासाठी शिकल्या आणि गाणं चालू ठेवून शिकल्या. माझी भाची माझ्या सांगण्याने काहीच शिकली नाही. फक्त गप्प बसायला शिकली. चूक दाखवल्यावर माणूस पुढचं वाक्य बोलत असेल तर ती सुधारणा. बोलणंच थांबत असेल, तर आपण भाषेची सेवा वगैरे काही केलेली नाही, एक बोलणारं माणूस कमी केलं. कचेरीत खिडकीपाशी अडखळत मराठी बोलणारी माणसं येतात, तेव्हा हल्ली मी हे स्वतःला आठवून देतो. नेहमी जमतंच असं नाही.

असो. भाचीचा दर रविवारी फोन येतो. सासूबाईंशी बोलून बोलून तिची मराठी आता भलतीच झाली आहे. परवा म्हणाली, "मामा, मी एप्रिलात घरी येऊन राहिले हां." वाक्य इंदूरचं, हेल फोंड्याचा. माझ्या तोंडावर दुरुस्ती आली होती. मी म्हटलं, "ये बाय. जावयांनाही घेऊन ये. आणि ते गाणं अर्धं राहिलंय, ते इथे पुरं करा."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "बघूया."